मद्रासला यंत्र बघायला गेलो, बस बघून आलो

साळगावकर साहेबांनी केबिनमध्ये बोलावून पहिलाच प्रश्न विचारला, "शैलजाबाई, तुम्हाला हिंदी चांगलं येतं ना?"

"येतं, सर."

"मग झालं तर. मद्रासला जाऊन या."

मद्रासमध्ये हिंदीचा कितपत उपयोग होतो हे साहेबांना ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. चेन्नई तेव्हा मद्रास होती, कोकण रेल्वे कागदावरच होती आणि मी निवाळे नावाच्या कोकणातल्या एका छोट्या बंदराच्या गावी सरकारी कचेरीत तात्पुरत्या नेमणुकीवर होते. किनाऱ्यावरच्या बायकांना रोजगाराच्या योजना समजावून सांगायच्या, अर्ज भरून घ्यायचे, अंगठे घ्यायचे, हे माझं काम. नेमणूक मार्चपर्यंतची. पुढे वाढवायची की नाही ते साहेबांच्या शेऱ्यावर.

त्या वर्षी किनाऱ्यावरच्या गावांसाठी नवी योजना आली होती. मच्छीमार घरांतल्या बायकांना नायलॉनची जाळी विणायचं यंत्र आणि त्याचं प्रशिक्षण मिळणार होतं. मद्रासजवळ असं एक केंद्र चालू होतं. तिथे जाऊन बघायचं, अहवाल लिहायचा, की निवाळ्यालाही तसंच केंद्र मंजूर होणार. साहेब इतके उत्साहात होते की शेडसाठी जागासुद्धा हेरून ठेवली होती.

"गावातली एखादी बाई बरोबर न्या," ते म्हणाले. "अहवालात बरं दिसतं."

ती बाई म्हणजे जयवंतीकाकी. वय पन्नाशीच्या आसपास, अंगाने काटक, आवाज बंदराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचणारा. रोज पहाटे बंदरावर मासे घ्यायचे, पाटी डोक्यावर ठेवायची आणि अकरा किलोमीटर चालत तालुक्याच्या बाजारात जाऊन विकायचे, हा तिचा तीस वर्षांचा क्रम. सकाळची बस होती, पण माशांची पाटी बसमध्ये घेत नसत. वास येतो, पाणी गळतं, बाकीचे लोक कुरकुरतात. निवाळ्याच्या सगळ्या मासेवाल्या चालतच जायच्या. मला तिथे लागून आठ महिने झाले होते आणि मला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. रोज दिसणारी गोष्ट, आपण बघतो आणि सोडून देतो.

"माका कित्याक न्हेतंस गो बाय?" काकीने विचारलं. "माका येक अक्षर वाचूक येणा नाय."

"वाचायचं मी बघते. यंत्र कसं आहे ते तुम्ही बघा."

"आणि थय मासे खय मिळतत, ता पण बघतंय," ती म्हणाली आणि तयारीला लागली.

आज कुणी कोकणातून चेन्नईला निघालं तर एका दिवसात पोचेल. आम्हाला दोन दिवस लागले. आधी बसने आंबोली घाट चढून बेळगाव. तिथून छोट्या रुळांच्या गाडीने रात्रभर हलत-डुलत बंगळूर. मग दुसरी गाडी धरून मद्रास सेंट्रल. काकी याआधी आगगाडीत कधी बसली नव्हती. खिडकीतून बाहेर बघता बघता ती दर तासाला विचारायची, "समुद्र खय?" आणि मी दर तासाला सांगायचे की दुसऱ्या बाजूचा समुद्र यायला अजून वेळ आहे. देशाला दोन्हीकडून समुद्र आहे हे तिला ठाऊक होतं, पण मधली जमीन एवढी रुंद असेल असं वाटलं नव्हतं. भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी तिने घरून आणली होती. चटणीचा डबा उघडला की गाडीच्या डब्यात आम्हाला ऐसपैस जागा व्हायची. मी कऱ्हाडची, शाकाहारी घरात वाढलेली. पहिल्या दिवशी नाकाला पदर लावला, दुसऱ्या दिवशी भूक लागली आणि भाकरीला लावून थोडी खाल्ली. ही माहिती माझ्या आईला अजून नाही.

सेंट्रल स्टेशनावर आमच्या नावाची पाटी धरून एक गृहस्थ उभे होते. पांढरा शर्ट, पांढरं धोतर, कपाळावर गंध, खांद्याला छत्री. पाटीवर मराठीत लिहिलं होतं.

"यावें, यावें," ते म्हणाले. "प्रवास बरा झाला कीं?"

काकी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "हो पोथीतल्यासारखो कसो बोलता गो?"

ते त्र्यंबकराव. नुंगंबाक्कमच्या बाजूला एका सरकारी रोजगार कचेरीत कारकून. घराणं मूळ तंजावूरचं, मद्रासमध्ये तिसरी पिढी. आमच्या कचेरीचं पत्र फिरत फिरत त्यांच्या टेबलावर आलं, कारण त्या अख्ख्या कचेरीत मराठी येणारे ते एकटेच. आमची राहण्याची सोय सरकारी विश्रामगृहात होती, पण त्यांनी ती परस्पर मोडून टाकली होती.

"महाराष्ट्रांतून माणसें आलीं आणि विश्रामगृहांत राहिलीं, असें माझी बायको ऐकून घेणार नाहीं. मैलापुरांत आमचें घर आहे. तेथेंच चलावें."

काकी रिक्षात गप्प होती. ती गप्प बसली की काहीतरी बिनसलेलं असतं, एवढं मला कळत होतं. मैलापूरच्या गल्लीत, देवळाच्या तळ्यापासून हाकेच्या अंतरावर घर होतं. दारात तांदळाच्या पिठीची सुबक रांगोळी, आत ओल्या कॉफीच्या पुडीचा वास. त्र्यंबकरावांच्या पत्नी, ज्यांना सगळे अक्का म्हणत, हसत पुढे आल्या. काकी उंबऱ्याबाहेरच थांबली.

"अक्का," ती म्हणाली, "मी मासे इकणारी. तुमच्या घरात चालात मां?"

अक्कांना तिचं बोलणं पुरतं कळलं नाही. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, त्यांनी तमिळमध्ये सांगितलं. अक्का वळून काकीच्या हातातल्या पिशवीकडे बघत म्हणाल्या, "आज मासे आणलेत कीं?"

"नाय."

"मग आंत या कीं. पाय धुवा, कापी घ्या."

काकीच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते मी नंतर फार कमी वेळा पाहिलं. जेवायला आंबट भाजी, भात, पिठलं आणि ताक होतं. पिठलं आमच्यासारखंच, फक्त फोडणीत कढीपत्ता एवढा की चमच्याने बाजूला काढावा लागला. घरातली शाळकरी मुलगी मराठी प्रश्नांना तमिळमध्ये उत्तरं द्यायची आणि काकी तिच्याशी मालवणीत बोलायची. तरी दोघींचं छान जमलं. तुम्ही चेन्नईला गेलात तर मैलापूरला एक सकाळ जरूर ठेवा. आता तिथे लोकल गाड्याही जातात. पण कॉफी स्टीलच्या वाटीत ओतून, उंचावरून फेस काढून देणाऱ्या साध्या हॉटेलातच प्या. आम्हाला तेव्हा ती रुपयाच्या आत मिळायची.

दुसऱ्या दिवशी आधी त्र्यंबकरावांच्या कचेरीत जायचं होतं, कारण केंद्र बघायचा परवाना तिथे मिळणार होता. कचेरीसमोर तरुणांची रांग लागली होती. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेली प्रमाणपत्रं. टंकलेखन, वायरमन, फिटर. काकीने रांग डोक्यापासून शेपटीपर्यंत न्याहाळली.

"हेंच्यात मासेवालो कोण आसा?"

त्र्यंबकराव हसले. "अम्मा, समुद्राकडचे येथें येत नाहींत. माझ्या अर्जावर 'पाटी डोक्यावर घेऊन विकणें' असा रकानाच नाहीं. नोकरी म्हणजे जिला हजेरी आहे ती, असें आम्हीं धरून चाललों."

ते हे हसतच म्हणाले. बहुधा तेही पहिल्यांदाच ऐकत होते.

केंद्र शहराच्या उत्तरेला, समुद्राला लागून होतं. दोन बस बदलून गेलो. खिडकीतून वारा इतका दमट आणि खारट आला की काकी ताठ बसली. "इलो आमचो समुद्र," ती म्हणाली. तिच्या लेखी तो एकच होता.

केंद्र खरंच छान होतं, हे आधी सांगते. पत्र्याची मोठी शेड, स्वच्छ, पंखे लावलेले. दोन यंत्रं खडखडत होती आणि निळ्या नायलॉनचं जाळं पाण्यासारखं खाली उतरत होतं. आठ-दहा मुली काम करत होत्या. वेणीत मोगरा, हातात चपळाई. महिन्याला ठरलेला पगार, बँकेत खातं, आणि भिंतीवर चौकटीत लावलेली प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं. त्यातल्या एकीने, तिचं नाव वळर्मती, त्र्यंबकरावांमार्फत सांगितलं की पहिल्या पगारातून तिने घरात वीज घेतली. सांगताना ती यंत्रावरून नजर काढत नव्हती, कारण धागा तुटला की सगळं थांबतं. मी भराभर लिहून घेत होते. साहेबांना हवा असलेला अहवाल समोर आपोआप तयार होत होता.

काकी मात्र यंत्राजवळ दोनच मिनिटं उभी राहिली आणि बाहेर गेली.

मी मागोमाग गेले. शेडच्या सावलीत काकीच्या वयाची एक बाई फाटकं जाळं मांडीवर घेऊन दुरुस्त करत बसली होती. ती अंजलै, वळर्मतीची सासू. काकी तिच्यासमोर बसली, तिच्या हातातली सुई घेतली आणि दोन गाठी मारून दाखवल्या. अंजलैने त्या बघितल्या, मान हलवली, गाठी उसवल्या आणि स्वतःच्या पद्धतीने मारल्या. काकीने त्या उसवल्या. दोघींची जुंपली, एक तमिळमध्ये, एक मालवणीत, आणि एक शब्द न कळता दोघी एकमेकींना तोडीस तोड उत्तरं देत होत्या. त्र्यंबकराव धावत आले.

"काय झालें? काय झालें?"

"काय नाय," काकी म्हणाली. "हिची गाठ सैल आसा, ता सांगतंय. आता तू येक काम कर. हिका इचार, यंत्र येवच्या आधी जाळी कोण इणी?"

अंजलैने सुई खाली ठेवली आणि सांगायला लागली. त्र्यंबकराव मध्ये मध्ये थांबवून मराठी करत होते. आधी जाळी घरोघरी बायकाच विणायच्या. ती, तिची आई, गल्लीतल्या सगळ्या. मग बाजारात यंत्राची जाळी आली आणि हातच्या जाळ्याला गिऱ्हाईक उरलं नाही. हे सरकारी केंद्र नंतर आलं, आणि आलं ते बरंच झालं. निदान मुलींना काम मिळालं, तिच्या सुनेला मिळालं. पण आत मुली आठ-दहा, आणि बाहेर हात रिकामे झालेल्या बायका गल्लीभर.

"मग तू आता काय करतंस?" काकीने विचारलं.

"मासे विकते. मैलापूरच्या बाजारात."

"आँ? थय चलत जातंस?"

अंजलै हसली आणि हाताने मोठं चाक फिरवून दाखवलं. "बस."

काकी माझ्याकडे वळली. "बाय, ही खोटा बोलता. बसीत मासे घेवन कोण बसाक दिता?"

अंजलैला ते त्र्यंबकरावांनी सांगितलं. ती उठली, लुगडं झटकलं आणि बोट दाखवून म्हणाली, उद्या पहाटे बंदरावर या. डोळ्यांनी बघा.

त्या संध्याकाळी आम्ही मरिनावर गेलो. वाळू इतकी रुंद की पाण्यापर्यंत पोचता पोचता पाय भरून येतात. शेंगदाणे, कच्च्या कैरीचे तिखट लावलेले काप, मुलांचे पतंग. काकी लाटेत घोटाभर उभी राहिली आणि म्हणाली की इथला समुद्र उलटा आहे, सूर्य मागे बुडतो. मला मात्र मजा येत नव्हती. वहीत अर्धा अहवाल लिहून झाला होता आणि उरलेला अर्धा काय लिहायचा ते सुचत नव्हतं. निवाळ्याच्या होड्या मोजक्या. एका यंत्राला वर्षभर पुरेल एवढं कामच नाही. यंत्र आलं तर चार मुली बसतील आणि सात-आठ महिन्यांत शेडला कुलूप लागेल. हे मला शेडमध्येच कळलं होतं, पण ते कागदावर लिहिणं म्हणजे मार्चनंतर कऱ्हाडची गाडी पकडणं.

"गप कित्या?" काकीने विचारलं.

मी सगळं सांगितलं. नेमणुकीचंही.

"तुझी नोकरी मी सांभाळूक शकणा नाय," ती म्हणाली. "पण आदी उद्याची बस बघूया. मगे काय ता लिही."

पहाटे त्र्यंबकराव आमच्याबरोबर निघाले तेव्हा अक्कांनी त्यांना दारातच बजावलं, "परत आल्यावर मागच्या दारानें यायचें. विहिरीवर आंघोळ करून मगच घरांत." ते आयुष्यात प्रथमच मासेमारी बंदरावर चालले होते. छत्रीच्या मुठीवर त्यांनी कापूर बांधला होता.

कासिमेडूचं बंदर उजाडताना बघावं. होड्या एकमेकींना खेटून लागलेल्या, बर्फ फोडायचा आवाज, लिलावाची ओरड, चांदीसारख्या माशांचे ढीग. काकी तिथे पोचली आणि एकदम दहा वर्षांनी लहान झाली. प्रत्येक ढिगापाशी थांबून ती नावं सांगत होती. हा बांगडो, ही सुरमय, ह्यो काय तो आमच्याकडे नाय. एका माणसाने वंजिरम म्हणून दाखवलेला मासा तिने हातात घेतला, कल्ला उघडून बघितला आणि म्हणाली, "कालचो." तो माणूस भाषा न कळताही ओशाळला.

आणि मग बस आली.

साधी सरकारी बस, हिरवा रंग जागोजाग उडालेला. मागच्या अर्ध्या भागातल्या सीट काढून टाकलेल्या, खाली पत्रा ठोकलेला आणि पाणी निघून जायला कडेला भोकं. बायका अॅल्युमिनियमची घमेली आणि टोपल्या मागे चढवत होत्या, वाहक आत सरकवून घेत होता, कुणीही नाक मुरडत नव्हतं. घमेली लागली की बायका पुढच्या सीटवर येऊन बसायच्या. माशांचं वेगळं तिकीट, माणसाचं वेगळं, दोन्ही किरकोळ. अंजलैने आम्हाला चढवलं, स्वतःच्या शेजारी काकीला बसवलं.

काकीने सीटवर हात फिरवला. मागे वळून टोपल्यांकडे बघितलं. पुन्हा सीटवर हात फिरवला.

"ही खंयच्या योजनेतली?" तिने विचारलं.

त्र्यंबकराव कापूर हुंगत हुंगत म्हणाले, "तेंच मी विचारतों." आणि त्यांनी विचारलं.

अंजलैने सांगितलेली हकिगत अशी. बस कुठल्याही योजनेत नव्हती. जाळ्यांचं काम गेल्यावर बायका मासे विकू लागल्या, पण बाजारापर्यंत पोचेपर्यंत ऊन चढायचं, मासे मऊ पडायचे. त्यांच्याकडे रोजगाराचे अर्ज घेऊन एक अधिकारी यायचा. फार भला माणूस. तो विचारायचा, तुम्हाला कुठलं काम शिकायचंय, शिवण की टोपल्या? शेवटी एक म्हातारी त्याला म्हणाली, काम आम्हाला येतं, तू एक दिवस आमच्याबरोबर बाजारात ये. तो खरंच आला. हौसेने पाटीही डोक्यावर घेतली. पहिल्या पुलापर्यंत गेला, खाली ठेवली आणि तिथेच बसला. पुढच्या पावसाळ्याआधी बस सुरू झाली.

"पुलापर्यंतच गेलो?" काकी हसून हसून वाकली. अंजलैही हसत होती. मी हसत नव्हते. मला तो अधिकारी माझ्यासारखा वाटत होता, फक्त तो पुलापर्यंत तरी गेला होता.

मैलापूरला बस थांबली तेव्हा नुकतं ऊन पडलं होतं. मासे लखलखीत ताजे. अंजलैची पहिली विक्री आमच्यासमोरच झाली. काकीने तिच्या हातातून सुरी घेतली आणि पहिला मासा स्वतः साफ करून दिला, गाठीच्या भांडणाची भरपाई म्हणून. निरोप घेताना अंजलैने काकीच्या केसांत गजरा माळला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

त्र्यंबकरावांना अक्कांनी विहिरीवर दोनदा आंघोळ करायला लावली. तरी जेवताना ते म्हणाले, "आज मी रकाना भरला." मला विचारायचं धैर्य झालं नाही, पण ते कचेरीत त्याच दुपारी काहीतरी लिहून देणार आहेत, असं अक्कांनी मला निघताना सांगितलं. पुढे काय झालं ते कळलं नाही.

परतीच्या दोन दिवसांत मी अहवाल लिहिला नाही. निवाळ्याला पोचल्यावर काकीला म्हटलं, "उद्या मी येते तुमच्याबरोबर बाजारात."

"ये," ती म्हणाली. "चपला घालू नको, घसरतली."

पहाटे निघालो. पहिल्या चढावर मी पाटी मागितली. तिने कापडाची चुंबळ माझ्या डोक्यावर ठेवली आणि वर पाटी चढवली. माशांचं गार पाणी मानेवरून पाठीत उतरलं. मान हलवता येत नव्हती, रस्ता दिसत नव्हता, फक्त पायाखालचं हातभर डांबर दिसायचं. मी किती अंतर गेले ते लिहीत नाही. काकीने न हसता पाटी परत घेतली. उरलेलं अंतर मी रिकाम्या हातांनी चालले, तरी शेवटी मला तिच्याबरोबर राहायला पळावं लागत होतं. वाटेत सकाळची बस आम्हाला ओलांडून गेली. अर्धी रिकामी होती.

अहवाल एका रात्रीत झाला. त्यात केंद्राचं कौतुक होतं, मुलींचं होतं. आणि शेवटी लिहिलं होतं की निवाळ्यात एका यंत्राला पुरेल एवढं काम नाही, इथे आधी सकाळची एक बस हवी, मागच्या सीट काढलेली.

साहेबांनी तो दोनदा वाचला.

"मी तुम्हाला यंत्र बघायला पाठवलं होतं."

"हो, सर. बघितलं."

"बसचा आणि आपल्या खात्याचा संबंध काय? रोजगार म्हणजे रोजगार. हा शेवटचा भाग काढून परत टाइप करा."

पण मी म्हटलं, "सर, काढला तर तो खोटा होईल. वाटल्यास तुम्ही तुमच्या शेऱ्यात लिहा की मी चुकले."

त्याच वेळी बाहेर गलका झाला. जयवंतीकाकी आणि निवाळ्याच्या मासेवाल्या बायका बाजारातून थेट कचेरीत आल्या होत्या, रिकाम्या पाट्या कमरेला लावून. व्हरांडा भरला, जिना भरला. कचेरीतल्या लोकांनी खिडक्या उघडल्या. साहेब बाहेर आले.

"तुम्हाला यंत्र नको?" त्यांनी काकीला विचारलं, जरा दुखावलेल्या स्वरात.

"व्हया, सायबानु. चेडवांका, पोरींका व्हया. पण आमका काम येता. आमका कामार जावक गाडी मेळणा नाय," काकी म्हणाली. "आमी म्हातारी झाल्यार ह्या चेडवांनी पण असाच चलाचा?"

साहेबांनी जिन्यावरच्या पाट्यांच्या रांगेकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "फाइल आणा," ते म्हणाले. अहवालाखाली त्यांनी शेरा मारला: 'शिफारस योग्य वाटते.' तीनच शब्द, पण खाली त्यांची सही होती. माझी नेमणूक त्यांनी मार्चमध्ये वाढवली.

यंत्र निवाळ्याला कधी आलं नाही. वळर्मतीसारख्या चार मुलींना जे मिळालं असतं ते मिळालं नाही, आणि ती खंत मला अजून आहे. बस यायला सव्वा वर्ष लागलं. कागद तीन कचेऱ्यांतून फिरला, दोनदा परत आला, एकदा हरवला. मी दर महिन्याला जाऊन विचारायचे. पुढे निवृत्त होईपर्यंत मी याच कामात राहिले. खूप योजना राबवल्या, काही चालल्या, काही भिंतीवरच्या चौकटीत राहिल्या. आता चेन्नईला गेलं की लोक मला शहराबाहेर ओरगडमचे मोटारींचे कारखाने दाखवतात, आणि ते दाखवण्यासारखे आहेतच. मी मात्र प्रत्येक ठिकाणी विचारते, इथली माणसं कामावर येतात कशी? लोकांना तो प्रश्न विचित्र वाटतो.

पण ज्यांना चेन्नईच्या त्या सहलीतून माझ्याकडे काय उरलं ते विचारायचंय, त्यांना मी बसचा पहिला दिवस सांगते. निवाळ्याच्या बंदरावर सकाळी बस उभी राहिली, मागच्या सीट काढलेली. कुणी नारळ फोडला. वाहक, नवा पोरगेला माणूस, टोपल्या आत घेताना अवघडून म्हणत होता, "सावकाश, मावशी, सावकाश." काकी पुढे खिडकीशी बसली, मी तिच्या शेजारी. मला तिचा चेहरा बघायचा होता. तीस वर्षं पायाखाली घातलेला रस्ता खिडकीतून जाताना तिला काय वाटतं ते बघायचं होतं, त्यासाठीच मी रजा टाकली होती.

बस चढाला लागायच्या आतच जयवंतीकाकी झोपली. मान माझ्या खांद्यावर, तोंड थोडं उघडं, हात मांडीवर सैल. चढ गेला, पूल गेला, वडाचं वळण गेलं. तिने त्यातलं काहीच पाहिलं नाही. बाजार येईपर्यंत मी तिला उठवलं नाही.